काळ्या पट्ट्याची सनद

कराटेतील पहिले काळे पट्टे ज्या गृहस्थाने वाटले, त्याला स्वतःला कोणी पट्टा दिलेला नव्हता, ही गोष्ट आज गल्लोगल्लीच्या कराटे-क्लासच्या फलकांवर सातव्या-आठव्या दानाची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या वरच्या पायऱ्यांची, बिरुदे वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरील शाळामास्तर; १९२२ साली ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोस आले, ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांच्या निमंत्रणावरून त्यांच्या कोदोकान या ज्युदो-शाळेत त्यांनी आपली विद्या दाखविली, आणि १९२४ च्या एप्रिलमध्ये निवडक शिष्यांना पहिल्या दानाची पदवी दिली. दानांची ही श्रेणी मूळची कानोंची, त्यांनी ज्युदोसाठी १८८३ पासून चालविलेली. फुनाकोशींनी ती उसनी घेतली, आणि तिच्याबरोबर पदवीदानाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही घेतला.

ओकिनावात हा प्रश्न तोवर उद्भवलाच नव्हता. आझातो व इतोसु या गुरूंपाशी फुनाकोशी शिकले ते रात्रीच्या वेळी, घराच्या अंगणात, एकेका कातावर, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिकेवर, तीन-तीन वर्षे घालवून. आणि आपल्याकडील तालमीतल्या वस्तादाला पठ्ठ्याची योग्यता जाणण्यास जसे दप्तर लागत नसे, तसेच तेथेही शिष्याचा दर्जा ठरविणारा आणि त्याला नित्य पाहणारा हे एकच असल्यामुळे दाखल्याची गरज कोणास भासत नसे.

गरज निर्माण केली ती संस्थांनी. क्योतो येथे १८९५ मध्ये स्थापन झालेली दाइ निप्पोन बुतोकुकाई ही राजाश्रय लाभलेली संस्था युद्धविद्येच्या शिक्षकांना रेन्शी, क्योशी, हान्शी अशी मानाची पदे देई. १९३० नंतरच्या दशकात कराटेचे गुरूही तिच्या दारी अर्जदार म्हणून उभे राहिले, आणि ज्याची विद्या त्याच्या गावात सर्वमान्य होती त्यालाही क्योतोच्या शिक्क्याची प्रतीक्षा करावी लागली. गोजू-र्यू या कराटे-शैलीचे प्रवर्तक चोजुन मियागी यांना १९३७ साली क्योशी हे पद मिळाले. मात्र १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आपल्या एकाही शिष्यास दान दिला नाही, आणि पुढे त्यांच्याच परंपरेतील शिष्यांनी मोठमोठे दान धारण केले. मला हा इतिहासातील मोठा बोलका विरोधाभास वाटतो.

महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बुतोकुकाई विसर्जित झाली आणि शिक्कामोर्तब करणारा मध्यवर्ती हात नाहीसा झाला. फुनाकोशींच्या अनुयायांची जपान कराटे असोसिएशन १९४९ मध्ये उभी राहिली; १९५७ मध्ये फुनाकोशी निवर्तले, तेव्हा त्यांच्या अनुयायांतील दुही अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेपर्यंत पोचली. त्यांच्या हयातीत पाचवा दान ही अखेरची पायरी समजली जाई; पुढे ती दहाव्यापर्यंत गेली, याचे कारण विद्येच्या वाढीत शोधण्यापेक्षा संघटनांच्या वाढीत शोधावे. फुटून निघालेल्या प्रत्येक संघटनेस स्वतःचे परीक्षक हवेत, परीक्षकांवर प्रमुख हवा, आणि प्रमुखाचा हुद्दा परीक्षकांहून वरचा हवा. खालच्या अंगाला युरोपातील ज्युदो-वर्गांतून रूढ झालेले रंगीत पट्टे आले. लहान मुलांचा उत्साह टिकविण्यास ते उपकारक ठरले, पण प्रत्येक रंगामागे एक परीक्षा व प्रत्येक परीक्षेमागे शुल्क, असा हिशेबही जमला. शुल्क घेणे हे पाप नव्हे, शिक्षकालाही पोट असते; परंतु ज्या क्लासमध्ये परीक्षेस बसलेला कोणी कधी नापासच होत नाही, तेथे ती परीक्षा म्हणजे निव्वळ वसुली होय.

ऑलिंपिकमध्ये कराटे प्रथम आले ते २०२१ साली, टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये. पुरुषांच्या कातात ओकिनावाच्याच र्यो कियुना यांनी सुवर्णपदक मिळविले. पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटातील अंतिम लढतीत गुणांनी आघाडीवर असलेल्या सौदी खेळाडूची लाथ इतकी जोराने बसली की इराणचा प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला. पंचांनी लाथ मारणाऱ्यास अपात्र ठरविले आणि सुवर्णपदक स्ट्रेचरवरून बाहेर गेलेल्यास मिळाले. पुष्कळांना हा अन्याय वाटला. मला तो निवाडा या विद्येच्या स्वभावाला धरून वाटतो, कारण प्रहार कोठे थांबवावा हे ज्याला साधले नाही त्याचे अर्धे शिक्षण बाकीच असते. आणि हा संयम मुलांच्या अंगी बाणला आहे किंवा नाही, हे भिंतीवरील चौकटीतल्या प्रमाणपत्रावरून समजत नाही.

म्हणून पाल्याचे नाव घालण्यापूर्वी पालकांनी पट्ट्यांचे रंग मोजू नयेत. एखाद्या साध्या वारी, पाहुणे व छायाचित्रकार नसताना, क्लासमध्ये तासभर बसावे. पिवळ्या-हिरव्या पट्ट्याची मुले पाय कसे रोवतात, थोरली मुले धाकट्यांशी कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळताना हात आवरतात की नाही, हे पाहावे. आणि सरांना दोनच प्रश्न विचारावेत: तुमची शेवटची परीक्षा कोणी घेतली, आणि तुमच्याकडे गेल्या खेपेस नापास किती झाले?