दुखणे अंगावर काढणे

स्त्रियांचे आरोग्य आणि स्त्री-पुरुष समता ह्या विषयावर ह्या स्मृतिव्याख्यान-पुस्तिकेसाठी मी लिहावे, असे शाळेने सुचविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य बडोद्यात मराठी शिकविण्यात गेले. परंतु विचार करताना एक वाक्प्रचार आठवला आणि लेखणी उचलण्याचा धीर आला. 'दुखणे अंगावर काढणे' ह्याचा वाक्यात उपयोग करा, असे सांगितले की बहुतेक वह्यांत कर्ता एकच असे, तो म्हणजे आई. 'आईने ताप अंगावर काढला.' व्याकरण निर्दोष असे. मी बरोबरची खूण करून पुढची वही घेत असे. ते वाक्य घराघरातील वस्तुस्थिती सांगत आहे, हे मात्र माझ्या ध्यानी आले नाही.

ही वस्तुस्थिती शास्त्रीय कसोटीवर तपासण्याचे एक मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्या दांपत्याने 1986 साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशीच सर्वसाधारण समजूत होती. माता म्हणून स्त्रीची गणना होई. जी गरोदर नाही, तिच्या शरीराविषयी फारसे कोणी विचारीत नसे.

बंग दांपत्याने दोन गावांतील 650 स्त्रियांची पाहणी आणि वैद्यकीय तपासणी केली. तिचे निष्कर्ष लंडनच्या 'द लॅन्सेट' ह्या नियतकालिकात जानेवारी 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. सरासरी काढली, तर दर स्त्रीमागे 3.6 रोग पडत होते. त्यांतील निम्मा भाग जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. आणि ह्यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के.

ह्या संशोधनाचे मर्म त्याच्या पद्धतीत आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीवरून रोगाचे प्रमाण ठरविणे म्हणजे ग्रंथालयात येणाऱ्यांवरून गावातील साक्षरता मोजण्यासारखे आहे. जो आलाच नाही, तो हिशेबातच नाही. म्हणून येथे संशोधक स्वतः गावात गेले आणि तक्रार असलेल्या व नसलेल्या, अशा दोन्ही स्त्रियांना तपासले. 45 टक्के स्त्रियांनी आपल्याला कसलाच त्रास नसल्याचे सांगितले होते. तरीही रोगाचे प्रमाण 92 टक्के निघाले! तक्रार नाही म्हणजे रोग नाही, हे अनुमान तेथे कोसळले. दोन गावांचे आकडे साऱ्या देशाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. पण न विचारलेले दुखणे नोंदीत येत नाही, हा धडा सर्वत्र लागू आहे. 1994 साली कैरो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत प्रजनन-आरोग्याला मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यामागे अशा अभ्यासांचे बळ होते.

स्त्रिया बोलत का नाहीत? लज्जा आहे, कामाचा रगाडा आहे, पैसा हाती नाही आणि तपासणारी स्त्री-डॉक्टर जवळ नाही. ही शेवटची अडचण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशी ह्यांनी ओळखली होती. स्त्री-डॉक्टरांची ही गरज त्यांनी 1883 साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषणात मांडली आणि त्या अमेरिकेस गेल्या. पुढे डॉ. रखमाबाई इंग्लंडहून शिकून आल्या आणि आपल्या शेजारच्या सुरतेत त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयात सेवा केली.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. माझी आई चुलीपुढून उठताना कमरेला हात लावून क्षणभर थांबे. विचारले तर 'वयाप्रमाणे चालायचेच' म्हणे, आणि आम्ही ते मानीत असू. पुढे माझ्या पत्नीने तिला एका स्त्री-डॉक्टरकडे नेले, तेव्हा उलगडा झाला. धाकट्या भावंडाच्या जन्मापासून तिचे 'अंग बाहेर येत होते'. गर्भाशय खाली सरकण्याला बायका हेच शब्द वापरतात. वीसहून अधिक वर्षे! त्यावर उपचार होते, आणि ते झालेही. आईने हे सुनेला सांगितले, मुलाला नाही. मी भाषेचा प्राध्यापक असूनही माझ्याच घरातले हे तीन शब्द माझ्या कानी कधी आले नाहीत. दोष तिच्या मौनाचा मानावा, की माझ्या न विचारण्याचा?

समतेचा प्रश्न येथेच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते. मासिक पाळी आणि बाळंतपण ही ह्यामागची नैसर्गिक कारणे आहेतच. पण जिच्या रक्ताची झीज अधिक, तिच्या पानात लोह अधिक पडावयास हवे. आपल्या कित्येक घरांत तिचे पान सर्वांत शेवटी मांडले जाते, आणि उरेल ते तिच्या वाट्यास येते. हा निसर्गाचा नियम नव्हे. ही आपणच घातलेली पंगत आहे, आणि म्हणून ती आपल्याला बदलता येते.

ह्या शाळेतील विद्यार्थ्यांस, विशेषतः मुलांस, माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आईला, आजीला, बहिणीला 'बरे आहे ना?' एवढेच विचारून थांबू नका. त्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. 'काय दुखते, केव्हापासून, आणि डॉक्टरकडे कधी जायचे?' असे विचारा. तुम्हाला सांगण्यास संकोच वाटत असेल, तर ज्या बाईपाशी ती मोकळी होते, तिला बरोबर न्या. दोन-चार घरांत जरी असे घडले, तरी ह्या व्याख्यानमालेचे चीज झाले, असे मी मानीन.