ओसरीपासून देवघरापर्यंत

कारखान्यांच्या पिंपरी-चिंचवडमध्ये वारसा म्हटला की मोरया गोसावींचं मंदिर आठवतं. चिंचवडगावातला चाफेकर वाडा मात्र फक्त हुतात्म्यांचं स्मारक म्हणून पाहिला जातो. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ 1898-99 मध्ये फाशी गेले, तेव्हा ते साहजिकच. पण वाड्याची रचनाही साक्षीदार असते. मराठी वाड्यात ओसरी परक्यासाठी, माजघर घरच्यांसाठी, देवघर सोवळ्यातल्यांसाठी. 1897 च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर तपासणीसाठी थेट स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, ही तेव्हाची मोठी तक्रार होती. (त्या झडत्या पुण्यातल्या, पण घरांची घडण तीच.) ओसरी आणि माजघर यांतलं अंतर कळल्याशिवाय 22 जूनला चाफेकरांनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळीमागचा संताप पुरता उमगत नाही.

पण या वाड्यासारखी जीर्णोद्धार झालेली वास्तू अस्सल कशी, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. तरी लाकडी सांगाड्याच्या वाड्यात भार प्रामुख्याने खांब-तुळयांवर असतो आणि कुजलेला खांब बदलणं ही तिथली जुनीच रीत. लाकूड नवं चालेल. खणांची मापं आणि खोल्यांचा क्रम बदलला, तर मात्र उरेल ते फक्त जुन्या नावाचं सभागृह.