मोबाईलची नक्कल आणि कापडावरची बेल

हिंदमाता मार्केटमधल्या आमच्या पेढीवर दोन मोबाईल असतात. दिवाणजींकडे अँड्रॉइड, पुतण्याकडे आयफोन. गेल्या रमजानच्या गर्दीत पुतण्या गोदामात गेला असताना त्याच्या फोनवर सोलापूरच्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर आली. दिवाणजींनी फोन उचलला, वरून बोट खाली ओढून निरोप वाचला, खालून बोट वर सरकवून पडदा बंद केला आणि वहीत चार तागे मांडून घेतले. कोणाला काही विचारावे लागले नाही. दहा वर्षांपूर्वी हेच दिवाणजी आयफोन हातात घेऊन "याचे मागे जायचे बटण कुठे आहे?" म्हणत बसले असते.

आम्ही पुतण्याला याचे कारण विचारले. तो म्हणाला, "चाचा, दोन्ही कंपन्या एकमेकींचे बघूनच बनवतात."

हे वाक्य आम्हाला अगदी कापडबाजारातले वाटले. आमचे वडील मूळजी जेठा मार्केटात होते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्याच्या आधीचा तो काळ. परळ-लालबागच्या एखाद्या मिलचे छापील कापड चालले की थोड्याच दिवसांत तशाच फुलांचा माल दुसऱ्या नावाने बाजारात दिसे. कोणी त्याला चोरी म्हणे, कोणी चलन म्हणे. आमचे वडील दोन्ही म्हणत, माल कोणाचा त्यावर अवलंबून.

आता या मोबाईलवाल्यांचा हिशेब पाहा. आयफोन २००७ साली आला तेव्हा मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे डकवण्याची सोयही त्यात नव्हती. ती २००९ साली मिळाली. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विक्रीला आला आणि वरून बोट ओढले की निरोपांची यादी उतरते ती सोय त्या पहिल्याच फोनात होती. आयफोनने ती २०११ साली घेतली. हवामान, घड्याळ यांच्या चौकटी मुख्य पडद्यावर मांडून ठेवणे अँड्रॉइडवाले कितीतरी वर्षे करीत होते. आयफोनच्या मुख्य पडद्यावर त्या २०२० साली आल्या. उलट दिशेनेही माल गेलाच. २०१७ च्या आयफोन टेनने खालचे गोल बटण काढून बोट वर सरकवण्याची रीत आणली आणि २०१९ साली अँड्रॉइडने जवळजवळ तीच रीत घेतली. एखादे अ‍ॅप आपला कॅमेरा किंवा माईक चालवीत असेल तर पडद्याच्या कडेला एक रंगीत ठिपका दिसतो. तो आयफोनमध्ये २०२० साली आला, अँड्रॉइडमध्ये २०२१ साली. आमच्या व्यापारी बंधूंनी या ठिपक्याकडे जरूर लक्ष द्यावे. भावाची बोलणी चालू असताना तिसऱ्याने ऐकणे कोणालाच परवडत नाही.

गंमत अशी की बोट वर सरकवण्याची कल्पना मुळात आयफोनचीही म्हणता येणार नाही. पाम नावाच्या कंपनीने २००९ साली एक फोन काढला होता. त्यात उघडी असलेली कामे पत्त्यांसारखी ओळीने दिसत आणि नको असलेला पत्ता बोटाने वर उडवून दिला की ते काम बंद होई. फोन चालला नाही. पुढच्याच वर्षी कंपनी विकली गेली आणि त्या पडद्याची रचना करणारे मातियास दुआर्ते गूगलमध्ये गेले. आज दोन्ही फोनांत ते पत्ते आहेत. पाम मात्र दुकानात मागायला गेलात तर मिळणार नाही.

आमच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची उसनवारी अक्षरांची आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. लहानपणी घरी येणारे उर्दू वर्तमानपत्र कातिब हाताने लिहीत असत, कारण नस्तालीकचे तिरके, उतरते वळण छापखान्याच्या खिळ्यांत नीट बसत नसे. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या लिहून काढल्या, त्यांतून नूरी नस्तालीक तयार झाले आणि १९८१ साली 'जंग' दैनिक त्यात निघाले. पुढे संगणक आले तसे कातिबांचे काम गेले, पण वळण तेवढे वाचले. मोबाईल आले तेव्हा गाडी पुन्हा मागे गेली. फोनवर उर्दू दिसायची ती अरबीसारखी सरळ रेषेत, नस्ख वळणाची. आमच्या वालिदांना तो मजकूर वाचवत नसे. ते म्हणत, अक्षरे ओळखीची आहेत पण चेहरा परका आहे.

गूगलने नोटो नस्तालीक उर्दू नावाचा फाँट करवून घेतला आणि कोणीही फुकट वापरावा अशा परवान्यावर खुला केला. आयफोनने २०१७ साली उर्दूला नस्तालीक दिले. अ‍ॅपलच्या संगणकांबरोबर येणाऱ्या फाँटांची यादी उघडली तर त्यात गूगलचा हाच फाँट स्वतःच्या नावानिशी आहे. प्रतिस्पर्ध्याचे अक्षर प्रतिस्पर्ध्याच्या मालात! पण यात कोणाचे काही बुडाले नाही, कारण ज्याचे होते त्यानेच आधी परवानगी देऊन ठेवली होती.

लहान माणसाच्या कल्पनेचे काय होते ते आपल्या मुंबईतच पाहायला मिळते. पवईच्या आयआयटीतून शिकलेल्या तीन तरुणांनी, त्यांत राकेश देशमुख एक, अँड्रॉइडच्याच पायावर देशी भाषांची एक प्रणाली उभी केली. आधी तिचे नाव फर्स्टटच होते, मग इंडस. २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या एका स्वस्त फोनात ती आली. आलेल्या निरोपावर बोट फिरवले की तो मराठी, गुजराती, हिंदीत वाचता येई. इंग्रजीला बिचकणाऱ्या दुकानदाराला ही मोठीच सोय होती. पुढच्या वर्षी गूगलच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्येही अशी सोय आली की मजकूर जागच्या जागी, बोट लावून आपल्या भाषेत दिसावा. कोणी कोणाचे पाहिले हा आरोप आम्ही करीत नाही. गरज एकच असली की दोघांना एकच गोष्ट सुचू शकते. पण मोठ्याकडे तीच सोय मिळू लागली की गिऱ्हाईक लहानाकडे का जाईल? इंडस नंतर प्रणाली सोडून अ‍ॅपच्या दुकानाकडे वळली, फोनपेने ती कंपनी घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते दुकान इंडस अ‍ॅपस्टोअर या नावाने उघडले. अँड्रॉइडचा वेगळा अवतार काढू पाहणाऱ्यांच्या आणि फोन बनवणाऱ्यांच्या वाटेत गूगलच्या करारांनी अडथळे घातले, असे आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात ठरवले आणि १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. २०२३ मध्ये अपिलातही दंड कायम राहिला, आयोगाचे काही हुकूम मात्र रद्द झाले.

आता कापडवाल्यांनी कान द्यावा असा भाग.

अ‍ॅपलने सॅमसंगवर खटला भरला की तुमचे अँड्रॉइड फोन आमची नक्कल आहेत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. प्रकरण २०१६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि तिथे न्यायमूर्तींनी कशाचा दाखला काढावा? गालिच्यांचा! हार्टफर्ड कार्पेट नावाच्या कंपनीची नक्षी डॉबसन नावाच्या कारखानदारांनी आपल्या गालिच्यांवर उतरवली होती. १८८५ साली याच कोर्टाने म्हटले होते की गालिचा नक्षीमुळे विकला गेला की लोकरीमुळे, हे सिद्ध झालेले नाही, आणि नक्षीच्या मालकाला भरपाई मिळाली सहा सेंट. म्हणजे चहाचेही पैसे नाहीत. त्यावर विणकामाच्या धंद्यात ओरड झाली आणि १८८७ साली कायदा झाला की नक्षी उचलणाऱ्याने त्या मालावरचा सगळा नफा मूळ मालकाला द्यावा. सव्वाशे वर्षांनी मोबाईलवाले ज्या कायद्यावर भांडले त्याची मुळे या गालिच्याच्या कायद्यात आहेत. कोर्टाने २०१६ साली इतकेच सांगितले की 'माल' म्हणजे अख्खा फोनच धरला पाहिजे असे नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो.

२०१८ च्या मे महिन्यात नवा आकडा ठरला, सुमारे ५३ कोटी ९० लाख डॉलर. त्यात फोनच्या रूपाबद्दल, म्हणजे बाह्य आकार आणि चिन्हांच्या मांडणीबद्दल, ५३ कोटी ३० लाखांच्या वर होते. बोट फिरवण्याच्या रीतींबद्दल जेमतेम ५३ लाख. पुढच्या महिन्यात दोघांनी तडजोड केली. आमच्या मते ही विभागणी फार बोलकी आहे. बोट कसे फिरवायचे हे सर्वांचे होऊन जाते, जसे साडीला पदर असतो हे कोणाच्या मालकीचे नाही. पदरावरची बेल मात्र कोणाची तरी असते.

ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. परळच्या एका चाळीत आरीकाम करणारा एक कारागीर आमच्यासाठी काम करी. २०२१ च्या ईदनंतर त्याने अंजिराच्या पानांची एक किनार काढली. तीन रात्री जागून काढली होती. आम्ही माल तयार केला आणि आनंदाच्या भरात फोटो मोबाईलवरून दोनशे गिऱ्हाइकांना पाठवले. त्यांनी ते पुढे किती जणांना पाठवले ते अल्लाह जाणे. पंधरा दिवसांत तीच किनार, मशीनवर केलेली, निम्म्या भावात बाजारात आली. आमचे ऐंशी नग पडून राहिले. गिरगावातल्या एका वकिलांकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "नोंदणी केली होती?" केली नव्हती.

मग त्यांनी कायदा समजावला. डिझाईनचा २००० सालचा कायदा आहे. कापडावरची नक्षी, विणीतली असो, छापील असो वा हातभरतीची, त्यात नोंदवता येते. दहा वर्षे हक्क मिळतो, पुढे पाच वर्षे वाढवता येतो. अट अशी की अर्जाच्या दिवसापर्यंत नक्षी कुठेही उघड झालेली नसावी. फोटो बाजारात फिरला की ती उघड झाली. कॉपीराइटचा आधार घ्यावा तर त्या कायद्याचे १५ वे कलम सांगते की जी नक्षी नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिचे पन्नासाहून अधिक नग मालकाने काढले की तो हक्क संपतो. आमचे ऐंशी होते. म्हणजे जो फोन आम्ही विक्रीसाठी वापरला त्यानेच आमचा दावा संपवला, आणि उरलेले काम आमच्याच उत्साहाने केले.

कारागिराला आम्ही मजुरी दिली होती, पण पुढचे काम देता आले नाही. तो आता लोअर परळला जुन्या मिलच्या जागेवर झालेल्या एका इमारतीत वॉचमन आहे.

तेव्हापासून आमच्या पेढीवर अर्ज आधी जातो. अर्ज ऑनलाईन भरता येतो. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, म्हणजे दादरहून फार लांब नाही. सरकारी फी व्यक्तीला एका अर्जामागे हजार रुपये. दुकानदाराने मोबदला देऊन नक्षी काढून घेतली तर कायदा दुकानदाराला मालक मानतो, हे कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवावे आणि कामाआधी कागदावर लिहून घ्यावे. आम्ही अर्ज कारागिराच्या नावाने करतो आणि माल काढण्याचा परवाना त्याच्याकडून लिहून घेतो. अर्ज होईपर्यंत फोटो पाठवत नाही म्हणून गिऱ्हाइके कुरकुरतात. कुरकुरू द्यात.

मागच्या महिन्यात तो वॉचमन सुटीच्या दिवशी पेढीवर आला होता. घडी केलेल्या कागदावर त्याने डाळिंबाची नवी बेल काढून आणली होती. पुतण्याने सवयीने फोन उचलला, तसा त्याने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सेठ, आधी अर्ज." अर्ज त्याच्या नावाने गेला आहे. कापड आणून ठेवले आहे, बकरी ईदच्या आधी पहिले चाळीस नग निघतील.