घरातले हुशार चाकर : घ्यावे की न घ्यावे?

बाजारात हल्ली ‘स्मार्ट’ या नावाने नाना वस्तू आल्या आहेत. फोनवरून पेटणारा दिवा, हाक मारली की फिरू लागणारा पंखा, दाराशी कोण आले ते परगावच्या मुलाला दाखवणारा कॅमेरा, शेतावर न जाता सुरू होणारी मोटर. दुकानदार वस्तूचे गुण सांगतो, ते त्याचे कामच आहे. पण पैसे जायचे ते आपले. तेव्हा अशी वस्तू आपल्या घरी उपयोगी पडेल की नाही, हे पारखण्याची काही रीत आहे का, याचा आज आपण विचार करू.

आधी ही वस्तू चालते कशी ते पाहू. आपोआप काम करणारी यंत्रे आपल्याला नवी नाहीत. इस्त्री पुरेशी तापली की तिच्यातली दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते. इस्त्री निवली की पट्टी सरळ होते आणि वीज पुन्हा जोडली जाते. टाकीतला तरंगता गोळा पाण्याबरोबर वर येतो आणि नळ बंद करतो. या दोघांना कुणाला विचारावे लागत नाही. स्मार्ट वस्तूत याखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे निरोप. तुम्ही फोनवर बोट टेकता; तो निरोप इंटरनेटवरून बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तिथून परत फिरून तुमच्याच माजघरातल्या दिव्याकडे येतो. जादा पैसा आपण मोजतो तो या निरोपासाठी. म्हणून पहिला प्रश्न असा, की हा निरोप आपल्याला खरोखर लागतो का?

दिव्याचाच हिशेब करू. साधा एलईडी दिवा 9 वॅटचा. रोज पाच तास जळला तर 45 वॅट-तास, म्हणजे वर्षाला साधारण साडेसोळा युनिटे. स्मार्ट दिवा विझलेला असतानाही निरोपाची वाट पाहत जागा असतो, आणि त्यासाठी अर्धा वॅट घेतो असे धरू. उरलेल्या एकोणीस तासांत ते साडेनऊ वॅट-तास झाले. आता समजा, घरातली माणसे रोज अर्धा तास दिवा विसरतात आणि हा दिवा ती चूक सुधारतो. वाचले किती? साडेचार. वाचवले साडेचार आणि खाल्ले साडेनऊ! शिवाय त्याच्यासाठी घरात वाय-फायचा डबा बसवला आणि तो 8 वॅटचा असला, तर वर्षाला सत्तर युनिटे आणखी गेली. वीजबचत म्हणून हा सौदा काही पटत नाही.

याउलट पंखा पाहा. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो. बीएलडीसी जातीचा नवा पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस फिरला तर 162 युनिटे वाचतात. युनिटला 8 रुपये धरले तर जवळजवळ तेराशे रुपये झाले. पण ध्यानात घ्या, ही बचत त्याच्या मोटरच्या घडणीमुळे आहे, इंटरनेटमुळे नाही. साधा रिमोटवाला बीएलडीसी पंखाही तेवढीच वीज वाचवतो.

मग निरोपाला मोल आहे ते कुठे? जिथे काम लांब आहे आणि तिथे जाण्यात कष्ट किंवा धोका आहे, तिथे. शेतातल्या मोटरीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली, की अंधारात, थंडीत, विंचूकाट्यातून विहिरीवर जावे लागते, हे आपल्याला सांगायला नको. बिबट्याच्या मुलखात तर घरची माणसे तो परत येईतो जागी राहतात. मोबाइल स्टार्टर ही एक सिमकार्डाची पेटी असते. ती मोटरीच्या स्टार्टरला जोडली की घरून फोन करून मोटर चालू किंवा बंद करता येते. एखादी फेज गेली किंवा विहिरीचे पाणी संपले तर मोटर थांबवून तसे कळवणारी यंत्रेही मिळतात. इथे निरोप रात्रीचा एक हेलपाटा वाचवतो आणि मोटर जळण्यापासून राखतो. हा खर्च चैनीचा नव्हे.

मात्र इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू करणारा ‘ऑटो स्विच’ वेगळा. वीज येताच गावातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, की डीपीवर एकाच क्षणी भार पडतो आणि ती जळते. मग आठ-आठ दिवस कुणाच्याच पिकाला पाणी नाही. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगते ते याचसाठी. तेव्हा मोबाइल स्टार्टरमध्येही आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी. डीपी साऱ्यांची आहे. दुसरी गोष्ट, मोटरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. नाही तर घरून कुणी फोन लावायचा आणि इकडे जीव जायचा. तिसरी, विहिरीवर रेंज आहे का ते आधी पाहावे. काही पेट्या फक्त 2जीवर चालतात आणि प्रत्येक कंपनीचे सिम 2जीवर चालत नाही.

आता दुसरा प्रश्न. वस्तू आपण विकत घेतली, पण ती चालवणारा संगणक कंपनीचा. तो बंद पडला तर? अमेरिकेत रिव्हॉल्व नावाची सुमारे 300 डॉलरची पेटी मिळे. 2014 साली गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. पेट्या धडधाकट होत्या, पण निकामी झाल्या. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे संगणक असेच एकाएकी मुके झाले. पण त्यांच्या भिंतीवरच्या बटणांनी दिवे लागत राहिले. थांबला तो फोनवरचा कारभार. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. यातून एक परीक्षा हाती लागते. दुकानदाराला म्हणा, ‘नेट बंद करून ही वस्तू चालवून दाखवा.’ बटणाने चालली तर ती आपली. नाही चालली तर ती अर्धी भाड्याची समजावी. वर्षाला वर्गणी लागते का, हेही तिथेच विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न, आपल्या घरात कोण डोकावेल? 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे काही काळ बंद पाडली. कारण काय, तर मालकांनी कारखान्यातला मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. म्हणजे नवे कुलूप दाराला लावून किल्ली त्यालाच लटकत ठेवण्यातला प्रकार! 2023 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीवर आरोप ठेवला, की तिच्या नोकरांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहता येत होती. कंपनीने 58 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. तेव्हा कॅमेरा घ्यायचाच तर गोठ्यावर, फाटकावर लावा. न्हाणीकडे, माजघराकडे त्याचे तोंड नको. शेजाऱ्याच्या अंगणातही नको. पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला. आणि घरातल्या बायामाणसांना आधी विचारा; पाहिले जाणार ते त्यांना, मग त्यांच्या संमतीवाचून कसे चालेल?

अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बोलून पेटणारा दिवा हा आधार होऊ शकतो. तोच दिवा तरण्याताठ्या घरात शोभेचा होतो. म्हणून शेजाऱ्याने घेतला म्हणून आपण घ्यावा, असे या बाबतीत चालत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर आलेला वॅट आणि तासांचा गुणाकार सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमतो. मुलांना आपापल्या घरच्या वस्तूंवरचे वॅटचे आकडे वहीत उतरवून आणायला सांगा आणि हिशेब वर्गात करा. घरी एखादी स्मार्ट वस्तू घ्यायची बोलणी चालू असतील तर तिचाही हिशेब मांडा. किंमत किती, वर्षाची वर्गणी किती, वाचणारे कष्ट कोणते, आणि नेट गेल्यावर काय, असे चार रकाने पुरतात. ती वही मूल घरी नेईल, आणि दुकानात जाण्यापूर्वी वडीलधारी मंडळीही ती एकदा चाळतील.