गेरू, तांदळाचं पीठ आणि निगाताचं बर्फ

कल्याणहून गंजाडला जायचं तर दिव्याला गाडी बदलायची, वसईमार्गे डहाणू रोड गाठायचं आणि पुढचा रस्ता धरायचा. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत हे गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. इथल्या वारली चित्रांची वाट थेट जपानच्या डोंगरांत पोचली. तिची सुरुवात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकारानं करून दिली.

बिहारमध्ये १९६६-६७ साली दुष्काळ पडला, तेव्हा कुलकर्णी कागद घेऊन मधुबनीच्या बायकांकडे गेले. भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं तर विकता येईल, घरात चार पैसे येतील, हा हेतू. काही वर्षांनी ते तसेच कागद घेऊन डहाणूच्या पाड्यांवर आले. इथे लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. कुडाच्या भिंतीला शेण आणि गेरूचा लेप, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, मधोमध पालघट देवी. लग्न पार पडलं की चित्राचं काम संपे. पण गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुरुष असूनही, लग्नकार्याची वाट न बघता, रोज चित्रं काढत. आई गेल्यावर लहानपणी त्यांची वाचा बसली होती आणि ते मातीत रेघा ओढून बोलत, असं सांगतात.

तिकडे जपानमध्ये तोकिओ हासेगावा हे ‘ताजमहाल ट्रॅव्हलर्स’ या वादकसंघातले संगीतकार. मिथिलेच्या, म्हणजे मधुबनीच्या, चित्रांनी त्यांना वेड लावलं. १९८२ मध्ये निगाता प्रांतात, तोकामाचीच्या जंगलातल्या बंद पडलेल्या शाळेत त्यांनी मिथिला संग्रहालय उभं केलं. चित्रं विकत घेऊन ते थांबले नाहीत. चित्रकारांनाच बोलावून घेतलं, महिनोन्‌महिने ठेवलं, मोठमोठी चित्रं काढायला सवड दिली. मधुबनीच्या गंगादेवी आल्या, म्हसेही आले. कुलकर्णींनी कागदावर आणलेल्या दोन्ही कला अशा एका छपराखाली भेटल्या.

हे तिथे घडलं, याचं मला नवल वाटत नाही. त्या मुलखात हिवाळ्यात माणूस बुडेल एवढं बर्फ पडतं. जवळच्या ओजियाचे विणकर रॅमी या वनस्पतीच्या धाग्याचं कापड विणतात आणि शुभ्र करण्यासाठी उन्हात बर्फावर पसरतात. युनेस्कोनं २००९ मध्ये या कलेची नोंद घेतली. ज्यांची कारागिरी ऋतूसाठी थांबते, त्यांना चित्रकाराच्या सवडीचं मोल कळतं.

तरी या कथेतलं एक दुःख झाकून ठेवता येणार नाही. मध्य प्रदेशचे थोर गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी जुलै २००१ मध्ये याच संग्रहालयात आयुष्य संपवलं. घरापासून दूर राहणाऱ्या कलावंताचे करार कसे असावेत, त्याचा एकटेपणा कोण बघतो, हे प्रश्न तेव्हा उठले. ते आजही विचारायलाच हवेत.

पुढे जपानी चित्रकारही गंजाडला आले आणि शाळेच्या भिंती रंगवून गेले. वाट आता दुहेरी झाली होती.

म्हसे १५ मे २०१८ ला गेले. त्यांच्या मुलांनी, सदाशिव आणि बाळू यांनीही हातात तोच कुंचला घेतला. पडद्यावर, कपावर छापलेली वारली आपण रोज पाहतो. कल्याणकरांनो, एकदा गंजाडला जा, चित्र घ्या आणि ते काढणाऱ्याचं नाव आवर्जून विचारा.