उत्तम शुक्रवारचा बन, सिन्नरच्या उन्हाळ्यात

उत्तम शुक्रवार जवळ आला, की मुंबई-पुण्यातील अनेक बेकऱ्यांत एक खास बन दिसू लागतो. दालचिनी-जायफळाचा दरवळ, आत बेदाणे आणि माथ्यावर पांढरा क्रूस. हाच 'हॉट क्रॉस बन'. महानगरांत तो विकत आणता येतो. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरील सिन्नरसारख्या गावात मात्र वर्षातून एखाद्या दिवशीच मागणी असलेला हा बन मिळेल याचा भरवसा धरता येत नाही. साहजिकच हौस असणाऱ्या गृहिणीला तो घरीच करावा लागतो आणि इंग्रजी पुस्तकातील कृती तंतोतंत पाळूनही पुष्कळदा तो फसतो. याचे कारण हातात नसून हवेत आहे.

हा बन मूळचा इंग्लंडचा. सेंट अल्बन्स येथील मठातील एका साधूने १३६१ मध्ये क्रूसाची खूण असलेले बन गोरगरिबांना वाटले, अशी तेथील परंपरा सांगते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९२ मध्ये, लंडनमध्ये असे मसालेदार बन एरवी विकण्यास मनाई झाली. उत्तम शुक्रवार, नाताळ आणि अंत्यविधी एवढेच प्रसंग त्यातून वगळले होते. मराठी ख्रिस्ती घरांना असे परके पदार्थ आपलेसे करणे नवे नाही. नाताळच्या फराळात केकशेजारी करंजी आणि चकली सुखाने नांदतातच.

उन्हाचे गणित

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात केव्हाही येतो, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात. बनाच्या पिठाला साधारण २६-२७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. दुपारी आपले स्वयंपाकघर ३५ अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी कोमट दूध घालून पीठ 'उबदार जागी' ठेवा, ही विलायती सूचना पाळली तर यीस्ट भराभर फसफसते, पिठाला आंबूस वास येतो आणि भट्टीत बन खाली बसतो. म्हणून दूध फ्रीजमधील गारच घ्यावे आणि पीठ गुरुवारी रात्री मळावे. शुक्रवारी दुपारी १२ ते ३ अनेक चर्चमध्ये उपासना असते. सकाळी बन भाजून झाले, की तिकडे जाण्यास मन मोकळे राहते.

साहित्य (१२ बनांसाठी)

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट दीड चहाचा चमचा, साखर ६० ग्रॅम, मीठ १ चहाचा चमचा, गार दूध २५० मिलिलिटर, अंडे १, लोणी ५० ग्रॅम, बेदाणे १२५ ग्रॅम, दालचिनीची पूड दीड चहाचा चमचा, जायफळ, लवंग व सुंठ यांची पूड प्रत्येकी पाव चमचा, एका संत्र्याची किसलेली साल. अंडे नको असल्यास दूध ४० मिलिलिटर वाढवावे.

मसाला अंदाजाने वाढवू नये. दालचिनी आणि लवंगेतील तेले यीस्टची गती रोखतात. जास्त मसाल्याने बन सुवासिक होण्याऐवजी दडस होतो. बेदाण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो आणि नवा बेदाणा बाजारात येत असतो.

कृती

बेदाणे १५ मिनिटे पाण्यात भिजवून, निथळून कोरडे करावेत. कोरडेच घातले तर ते पिठातील ओल शोषून घेतात. लोणी व बेदाणे वगळून सर्व साहित्य एकत्र करून दहा मिनिटे मळावे, मग लोणी घालून पुन्हा मळावे. पिठाचा तुकडा ताणला असता न फाटता पातळ पडदा झाला, की मळणी पुरी झाली. शेवटी बेदाणे मिसळावेत. अर्धा तास बाहेर ठेवून भांडे झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे.

सकाळी १२ गोळे करून तेल लावलेल्या ट्रेमध्ये थोड्या अंतराने ठेवावेत. तास-सव्वा तासाने बोटाने हलकेच दाबून पाहावे. खळगा सावकाश भरून येत असेल तर बन तयार आहेत. लगेच भरून आल्यास आणखी थांबावे. क्रूस साखरेच्या आयसिंगचा नव्हे, तर मैद्याचा. चार मोठे चमचे मैद्यात तेवढेच पाणी कालवून, प्लॅस्टिकच्या पिशवीचे टोक कापून रेघा ओढाव्यात. १९० अंशांवर सुमारे २० मिनिटे भाजून, गरम असतानाच साखरेचा पाक ब्रशने लावावा.

ओव्हन नसेल तर

जुन्या कुकरची शिटी आणि रबरी रिंग काढून तळाशी जाडे मीठ पसरावे. पाणी मुळीच घालू नये. दहा मिनिटे तापल्यावर आत जाळी ठेवून त्यावर चार-पाच बनांचा डबा ठेवावा आणि मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. उरलेले गोळे तोवर फ्रीजमध्ये ठेवावेत. माथा फिकट राहतो, पण पाकाने चमक येते. ओळखीचा बेकरीवाला असल्यास आणखी सोपे. दिवाळीत नानकटाईचे पीठ भट्टीवर नेण्याची रीत अनेक गावांत आहेच. बनाचा ट्रेही तसाच नेता येईल.

उपासनेहून परतल्यावर चहाबरोबर हा बन खावा. दुसऱ्या दिवशी उरला तर आडवा कापून, लोणी लावून तव्यावर शेकावा. मात्र १२ बनांतले निदान दोन-चार तरी शेजारी पोचवावेत. वाटण्यासाठीच हा बन जन्माला आला, असे सेंट अल्बन्सची ती कथा सांगतेच.