रात्री दिसणारी अक्षरे

रायपूरला माझ्या काकांचे गाड्यांवरचे स्टिकर छापण्याचे दुकान आहे. सुट्टीत तिथे मी रिफ्लेक्टिव्ह व्हिनाइल पाहिले. त्यातले काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम हेडलाइटचा उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतात, म्हणून तो चालकालाच लख्ख दिसतो.

खरी गंमत छपाईत आहे. शाई मण्यांच्या वर बसते. उजेडाला ती दोनदा ओलांडावी लागते, आत जाताना आणि परतताना. त्यामुळे शाई पारदर्शकच हवी. पांढरा तर छापायचाच नाही, जागा कोरी सोडायची; पांढरी शाई उजेड अडवते. काळीही अडवते. उजळ जमिनीवर काळी अक्षरे चालतात, पण रुग्णवाहिकेची सगळी बाजू काळी रंगवली तर दिवसा रुबाब आणि रात्री अंधार! गिऱ्हाइकांना नेमके तेच आवडते.

सॉल्व्हंट शाई पुरती सुकण्याआधी वर लॅमिनेशन चढवले तर थर सुटू लागतो, हेही तिथेच कळले.

रायपूरवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. तिथे रात्री बंद पडलेला ट्रक मागच्याला वेळेत दिसायला हवा. म्हणून काका दिवे घालवून, टॉर्च डोळ्याजवळ धरून प्रत्येक काम तपासतात. टॉर्च हातभर बाजूला धरली की चांगले व्हिनाइलही मंद दिसते.